एएसएपीला सभ्य पर्याय शोधला आणि बीएल अडकला

द्राक्षाचा सीझन नाशकात साधारण जानेवारी ते एप्रिल, आणि त्यातला मार्च म्हणजे एक्सपोर्टवाल्यांच्या ऑफिसात दुपारचा डबा चार वाजता उघडायचा महिना. हे प्रकरण २०२५ च्या मार्चमधलं. पॅकहाउस पिंपळगाव बसवंतच्या बाजूला, डॉक्युमेंटेशनचं ऑफिस मुंबई नाक्याजवळ, मालकांना सगळे अण्णा म्हणतात, आणि डॉक्युमेंट बघायला एक बीकॉम झालेली मुलगी आहे, कामाला एकदम चोख, तिला ऑफिसात सगळे ताई म्हणतात म्हणून मी पण ताईच म्हणते. कंपनीचं नाव घेत नाही, गरजही नाही. माझं काम असल्या ऑफिसांचे इंग्रजी ईमेल, कोटेशन, पत्रं वाचून कुठं काय खटकतंय ते सांगणं, त्यामुळं सगळं झाल्यावर सेंट फोल्डर माझ्यासमोर आला.

सुरुवात कुठून झाली तर हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या खरेदीदाराकडं यांचं काम बघणारी जी बाई आहे, ती फेब्रुवारीत अण्णांशी फोनवर बोलताना सहज म्हणाली की तुमच्या ऑफिसातून येणारा प्रत्येक मेल एएसएपीनं, म्हणजे ॲज सून ॲज पॉसिबलनं, संपतो, तेही कॅपिटलमध्ये, आणि मग खरं घाईचं कुठलं ते मला कळत नाही. तक्रार एवढीच. अण्णांनी ती ऑफिसात आणली ती अशी: "ताई, ते एएसएपी एएसएपी बंद करा बरं, तिकडची बाई चिडू राह्यली. दुसरं काहीतरी सभ्य बघा."

आता बघा, बाई म्हणाली होती की घाई कुठली खरी ते कळत नाही. ऑफिसात पोचलं ते हे की शब्द उद्धट आहे. प्रकरणाचं अर्धं मूळ इथंच आहे, कारण यापुढं जे शोधलं गेलं ते सभ्य शब्दासाठी शोधलं गेलं.

ताईनं जे कुणीही करेल तेच केलं, ॲज सून ॲज पॉसिबलला दुसरे शब्द काय म्हणून सर्च केलं. अशा सर्चला जी यादी येते ती तुम्ही पाहिलीच असेल, इमिजिएटली, प्रॉम्प्टली, अर्जंटली, फॉर्थविथ, विदाउट डिले, ॲट द अर्लिएस्ट, ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हिनियन्स, सगळे एका रांगेत, जणू कुठलाही उचला भाव एकच. पीटर मार्क रॉजे नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८५२ साली आपला प्रसिद्ध थिसॉरस छापला तेव्हा त्यात शब्दांचे अर्थ दिलेच नव्हते, कल्पनेनुसार गट पाडून शब्द मांडले होते, म्हणजे ज्याला शब्द आधीच माहितीयेत आणि आत्ता आठवत नाहीये त्याच्यासाठी ते होतं. आपण मात्र अशी यादी उघडतो ती नेमकी शब्द माहिती नसताना. मग निवडणार कशावरून? कानाला काय भारदस्त वाटतं त्यावरून. ताईला ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हिनियन्स आवडलं, लांब आहे, नम्र आहे, आणि आत अर्लिएस्ट आहे म्हणजे लवकर पण आलं. तिनं फाइंड ॲन्ड रिप्लेस केल्यासारखं सगळ्या मेल टेम्प्लेटमध्ये एएसएपी काढून ते टाकलं. अण्णा खूश.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक रीफर, म्हणजे आतून थंड ठेवलेला, कंटेनर न्हावा शेवा बंदरातून जाणार होता. थॉम्पसन जातीची द्राक्षं, पाचशे ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात. ज्यांना हे काम माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, तुम्ही शिपिंग इन्स्ट्रक्शन दिलं की लाइन, म्हणजे जहाज कंपनी, बीएलचा ड्राफ्ट पाठवते, बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाजावर दिलेल्या मालाचा कागद, तो ड्राफ्ट आपण खरेदीदाराला दाखवतो, नाव, पत्ता, नोटिफाय पार्टी म्हणजे माल पोचल्यावर कळवायचं ते नाव, सगळं बरोबर आहे ना, त्यानं हो म्हटलं की लाइनला कळवायचं. लाइनची एक वेळ ठरलेली असते, त्या वेळेपर्यंत दुरुस्ती फुकट, त्यानंतर अमेंडमेंट चार्ज. वर युरोपला जाणाऱ्या कंटेनरची माहिती जहाजावर चढवायच्या किमान २४ तास आधी तिकडच्या कस्टम्सला द्यावी लागते, ती एकदा गेली की त्यात बदल करायचेही पैसे वेगळे.

या कंटेनरचा ड्राफ्ट सोमवारी दुपारी आला. ताईनं लगेच पुढं पाठवला. लाइनची वेळ बुधवार २६ मार्च संध्याकाळी सहा. मेल असा होता, मी जसाच्या तसा देवनागरीत लिहिते: "डिअर मॅडम, प्लीज फाइंड अटॅच्ड ड्राफ्ट बीएल फॉर युवर काइंड पेरुझल. काइंडली कन्फर्म द सेम ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हिनियन्स. थँकिंग यू."

मंगळवारी उत्तर नाही. ताईनं जेंटल रिमाइंडर टाकला, त्यातही शेवटी तेच वाक्य. बुधवारी सहा वाजता लाइननं ड्राफ्ट आहे तसा फायनल केला. गुरुवारी दुपारी बाईचं उत्तर आलं, अगदी गोड, की नोटिफाय पार्टी बदला, आता माल अमुक वेअरहाउसला जाणार आहे, त्यांचं नाव टाका.

नशीब एवढंच की कन्साइनी, म्हणजे ज्याच्या नावानं माल जातो तो, तोच राहिला, नाहीतर कन्साइनीचं नाव फायटोवर पण असतं आणि मग फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट बदलून घ्यायला परत कृषी खात्याच्या दारात. तरी बीएलचा अमेंडमेंट चार्ज लागला, कस्टम्सच्या फायलिंगमधल्या बदलाचा लागला, आणि सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटच्या, माणसाची दोन दिवस बोलणी खाल्ली ती वेगळी. रक्कम कंपनी बुडेल अशी नव्हती. पण अण्णांनी डेबिट नोट काढायला सांगितली, उशीर त्यांच्याकडून झाला तर पैसे त्यांनी द्यायचे, आणि तिकडून उत्तर आलं त्याचा मराठीत मथितार्थ असा की तुम्ही सवडीनं कळवा म्हणालात, मला गुरुवारी सवड झाली.

यावर ऑफिसात जे झालं ते झालं. अण्णांचं म्हणणं बाई चलाख आहे, अर्लिएस्ट लिहिलं होतं ना स्पष्ट. ताईचं म्हणणं मी दोनदा मेल केला. मग मला बोलावलं, आणि पहिला प्रश्न हाच, की हे इंग्रजी चूक आहे का?

चूक नाहीये. हाच तर गोंधळ आहे. डिक्शनरीत बघाल तर ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हिनियन्स म्हणजे तुम्हाला जमेल तितक्या लवकर असंच दिलेलं असतं. जुन्या वळणाच्या बिझनेस लेटरवर वाढलेला माणूस त्यातला अर्लिएस्ट ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी उत्तर देतो. पण आजकाल बरेच लोक त्यातला कन्व्हिनियन्स ऐकतात, की बरं, घाई नाही दिसत. एकाच वाक्याचे दोन वाचणारे दोन अर्थ घेतात आणि दोघं आपापल्या जागी बरोबर असतात. त्यात रॉटरडॅमची बाई इंग्रजी मातृभाषेची नाही, आपली ताईपण नाही, म्हणजे दोन्हीकडं इंग्रजी शिकलेलंच, मग अशा शोभेच्या वाक्यांवर कशाला भार टाकायचा.

मी त्या सीझनचे मेल त्या दोघांसोबत बसून वाचले. प्रत्येक मेलला एकच विचारलं, हे कधीपर्यंत पाहिजे होतं आणि ती वेळ कुणी ठरवलेली होती. ताईला प्रत्येक वेळेला उत्तर तोंडपाठ. बीएल ड्राफ्ट, बुधवारी सहा, लाइननं ठरवलेलं. लेबलचं आर्टवर्क, प्रिंटरला फाइल द्यायच्या आधी, म्हणजे पुढचा आठवडा. रेट कन्फर्मेशन, लाइनच्या कोटेशनची मुदत संपायच्या आत. डोक्यात वेळ पक्की, मेलमध्ये कुठंच नाही. मेलमध्ये आधी एएसएपी, आता कन्व्हिनियन्स.

इथं मला जे वाटतं ते सांगून टाकते. एएसएपीला पर्याय निवडताना तो शब्द किती सभ्य हे नंतर बघायचं, आधी बघायचं की या शब्दानं घड्याळ कुणाच्या हातात जातं. ॲज सून ॲज पॉसिबलमध्ये सुद्धा पॉसिबल कधी ते वाचणाराच ठरवतो, फक्त बोलायचा सूर दमदाटीचा. अमेरिकन लष्करात १९५० च्या दशकात रुळलेलं ते संक्षिप्त रूप, तिथं वरचा खालच्याला सांगतोय, तिथं सूर चालतो. कन्व्हिनियन्समध्ये सूर मऊ झाला पण घड्याळ होतं तिथंच, समोरच्याच्या मनगटावर. म्हणजे ताईनं शब्द बदलला, अडचण तशीच राहिली, उलट आधी निदान भीती होती ती पण गेली.

यादीतले बाकीचे शब्द पण आम्ही एकेक काढून बघितले, कारण अण्णा म्हणाले मग दुसरा कुठला तरी चांगला सांगा ना, एक शब्द द्या, सगळीकडं टाकतो.

ॲट द अर्लिएस्ट हा आपल्या इकडचा लाडका. सरकारी पत्रात, बँकेच्या पत्रात, शाळेच्या नोटिशीत, रिप्लाय ॲट द अर्लिएस्ट. भारतात कुणालाच अडचण येत नाही, लाइनच्या मुंबई डेस्कला लिहिलं तर ते बरोबर समजतात. पण बाहेरच्या माणसाला वेन्सडे ॲट द अर्लिएस्ट असं लिहून पाठवलं तर त्याचा अर्थ होतो बुधवारच्या आधी नाही! लवकरात लवकर बुधवारी, म्हणजे नंतर कधीही. अगदी उलटं. आणि हा प्रयोग ताईच्या एका जुन्या मेलमध्ये होता, तिथं काही बिघडलं नाही कारण त्या दिवशी बाईनं तसंही लवकर बघितलं.

विदाउट डिले वाचायला बरं वाटतं पण त्यात एक बारीक टोचणी आहे, तुम्ही उशीर करता अशी. त्यात फर्दर घातलं, विदाउट फर्दर डिले, की सरळ आरोप, तो वकिलाच्या नोटिशीत शोभतो. फॉर्थविथ तर कोर्टातच राहू द्या. प्रॉम्प्टली वाईट नाही, पण त्यातही वेळ नाही आणि वर जरा मास्तरकी आहे. इमिजिएटलीला अण्णा अडून बसले, याच्यापेक्षा स्ट्रॉंग काय असणार म्हणे. पण वेळ त्यातही नाही. अर्जंट पण तसाच, सब्जेक्ट लाइनमध्ये रोज अर्जंट दिसलं की माणूस ते वाचतच नाही, मोबाईलवरच्या लोन ऑफरसारखं नजर त्याच्यावरून घसरते.

एक्सपिडाइट मात्र मला त्यातल्या त्यात कामाचा वाटतो, कारण तो माणसाला पळ म्हणत नाही, कामाला गती द्या म्हणतो. लाइनच्या डेस्कला, कुठल्या ऑफिसात फाइल अडकली असेल तिथं, काइंडली एक्सपिडाइट बरोबर बसतं. खरेदीदाराला नको.

इमिजिएटलीवर अण्णांशी वाद चालला होता तेव्हा मला एलसी आठवली, लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैशाची बँकेनं दिलेली हमी. यांचा थोडा माल, बेदाणा वगैरे, एलसीवर जातो, आणि एलसी जगभर ज्या नियमांवर चालते ते यूसीपी ६००, पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे, १ जुलै २००७ पासून लागू. त्याच्या कलम ३ मध्ये सरळ लिहिलंय की प्रॉम्प्ट, इमिजिएटली, ॲज सून ॲज पॉसिबल असले शब्द, डॉक्युमेंटमध्येच ते वापरायची अट नसेल तर, विचारात घेतले जाणार नाहीत. म्हणजे बँक ते वाचते आणि सोडून देते, नसल्यासारखं. त्याच कलमात ऑन ऑर अबाउट अमुक तारीख म्हणजे काय तेही मोजून दिलंय, त्या तारखेच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत, दोन्ही टोकं धरून. जिथं पैसे अडकतात तिथं लोकांनी अंदाजाच्या शब्दाला पण आकडा लावला आणि ज्याला लावता येईना तो शब्द फेकून दिला. अण्णांना हे एकदम पटलं, बँक म्हटलं की पटतं. आपल्या १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमध्येही कलम ४६ आहे, वेळ ठरली नसेल आणि समोरच्यानं मागणी न करता काम करायचं असेल तर ते वाजवी वेळेत करायचं, आणि वाजवी म्हणजे किती हा त्या त्या प्रकरणातल्या परिस्थितीचा प्रश्न. आता डच बाईशी त्यावर भांडायला कोण जाणार, पण डेबिट नोट का टिकली नाही ते यावरून कळतं, वेळ कुठं लिहिलेलीच नव्हती.

मग मी अण्णांना एक विचारलं. काढणीच्या मजुरांच्या मुकादमाला तुम्ही काय सांगता? शक्य तितक्या लवकर माणसं पाठव म्हणता का? अण्णा हसले. म्हणाले त्याला सांगतो उद्या सकाळी सहाला गाडी प्लॉटवर पाहिजे, दहाच्या आत क्रेट भरून प्रीकूलिंगला लागले पाहिजेत, ऊन चढलं की मण्यांची वाट लागते. म्हणजे वेळ आहे, आणि कशासाठी तेही आहे, मुकादमाला कधी वाईट वाटलेलं नाही. हाच माणूस इंग्रजीत गेला की युवर काइंड पेरुझल. शाळेत आपण लेटर रायटिंग शिकलो ते प्रिन्सिपलला रजेचा अर्ज लिहायला, तिथं आपण खाली आणि समोरचा वर, रजा द्यायची का नाही त्याच्या मर्जीवर. त्या अर्जाची भाषा आपण कंटेनरला लावतो.

अण्णांची अडचण खरी होती तरी. "पण गिऱ्हाईकाला आपण टाइम द्यायचा? त्याला राग नाही येणार?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक ऑफिसात येतो, सातपूरला पण येतो आणि अंबडला पण. उत्तर असं की नुसती वेळ दिली तर येऊ शकतो, म्हणून मागं कारण लावायचं, कारण ती वेळ तुमची नाहीच, लाइनची आहे. तुम्ही बाईला हुकूम देत नाही, तिला तिच्याच कामाची एक गोष्ट सांगताय जी तिला तिकडं बसून दिसत नाही. नम्रपणा ठेवायचाय तर प्लीजमध्ये ठेवा, थँक यूमध्ये ठेवा, तारखेत नको.

त्याच दिवशी बसून ताईनं टेम्प्लेट परत लिहिलं. तोच बीएलचा मेल आता असा झाला: "डिअर मॅडम, ड्राफ्ट बीएल इज अटॅच्ड. प्लीज कन्फर्म ऑर सेंड करेक्शन्स बाय वेन्सडे २६ मार्च, १२:०० युवर टाइम. आफ्टर दॅट द लाइन चार्जेस फॉर एव्हरी चेंज. प्लीज चेक द नोटिफाय पार्टी इन पर्टिक्युलर." शेवटचं वाक्य ताईनं स्वतःहून घातलं, मला ते सगळ्यात आवडलं. लाइनची वेळ आपल्याकडचे सहा, तिकडचे १२ म्हणजे आपले साडेचार, दीड तास हातात ठेवलेला, हेही तिचंच.

बाय आणि टिल यावर मात्र वेळ गेला. पहिल्या खर्ड्यात टिल वेन्सडे होतं. मराठीत बुधवारपर्यंत पाठव आणि बुधवारपर्यंत थांब, दोन्हीला पर्यंतच, त्यामुळं आपला हात सहज टिलवर जातो. इंग्रजीत टिल म्हणजे तोपर्यंत ते चालू राहणार, थांबणं, दुकान उघडं असणं, आणि बाय म्हणजे त्या वेळेच्या आत एकदा काम होऊन जाणं. सेंड टिल वेन्सडे वाचून कुणी बुधवारपर्यंत रोज पाठवणार नाही, समजून घेतील, पण सगळा भार ज्या वाक्यावर टाकलाय तेच डळमळीत कशाला ठेवा.

ईओडी, म्हणजे एन्ड ऑफ डे, पण काढला. कुणाचा दिवस संपला? त्यांचा संपतो तेव्हा आपल्याकडं रात्र झालेली असते. सीओबीचं, क्लोज ऑफ बिझनेसचं, तेच. आणि तारीख नुसती ०३/०४ अशी टाकायची नाही, महिना अक्षरात लिहायचा, कारण अमेरिकन माणूस त्याला ४ मार्च वाचतो आणि आपण ३ एप्रिल. वार पण लिहायचा, वार आणि तारीख जुळत नसेल तर समोरचा लगेच विचारतो, फुकटचं चेकिंग होतं.

या सीझनला अजून एक गंमत असते जी डॉक्युमेंटवाल्यांनाच माहिती. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढं करतात, म्हणजे हॉलंडचं आणि आपलं अंतर साडेचार तासावरून साडेतीन होतं, ऐन सीझनमध्ये. २०२५ ला तो रविवार ३० मार्च, आणि त्याच दिवशी पाडवा. इकडं गुढी उभारून सगळे श्रीखंड खाऊन झोपलेले, सोमवारी ऑफिस उघडलं तर तिकडचे १२ आता साडेचारला नाही, साडेतीनला. युवर टाइम लिहिलेलं असल्यामुळं बाईला काही फरक पडत नाही, हिशोब आपल्याला करायचा. ताईनं मॉनिटरला चिठ्ठी लावलीये.

आता कुणी म्हणेल मग कन्व्हिनियन्स टाकूनच द्यायचं का. मुळीच नाही. ते वाक्य जिथं खरंच सवडीनं चालणार आहे तिथं फार छान आहे. सीझन संपल्यावर पॅकिंगबद्दल तुमचं मत कळवा, पुढच्या वर्षी कुठल्या व्हरायटीचं बघायचं ते बोलू, याला तारीख घालणं उलट खडूसपणा. तिथं ॲट युवर कन्व्हिनियन्स, व्हेन यू गेट अ चान्स, काहीही लिहा. आर्टवर्कच्या मेलला पण ताईनं आधी तारीख घातली होती, मी काढायला सांगितली, कारण प्रिंटरला अजून भरपूर वेळ होता, आणि प्रत्येक मेलला तारीख टाकायला लागलो की तारखेचं पण एएसएपी होईल. एएसएपी सुद्धा सीएचएच्या व्हॉट्सॲपवर जिवंत आहे, गाडी गेटवर उभी आहे आणि सील नंबर पाहिजे, तिथं कुणी बाय १२:०० लिहीत बसत नाही, दोघांनाही माहितीये आत्ता म्हणजे आत्ता.

पुढच्या कंटेनरचा ड्राफ्ट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेला, नवीन टेम्प्लेटनं. बाईचं उत्तर दिलेल्या वेळेच्या आत आलं, वेअरहाउसच्या पत्त्यात एक अक्षर चुकलं होतं ते दाखवून, आणि ते लाइनकडून फुकटात दुरुस्त झालं. राग वगैरे काही नाही. पहिल्या अमेंडमेंटचे पैसे मात्र अण्णांच्याच खिशातून गेले, डेबिट नोट त्यांनी मागं घेतली.

राहिला एक मेल, पेमेंटचा. त्या सीझनला बरीच जहाजं लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जात होती, माल उशिरा पोचायचा, मग तिथं क्वालिटी चेक, मग विक्रीचा हिशोब, मग पैसे, आणि इकडं शेतकरी ऑफिसात येऊन बसलेला. द्राक्षाचे पैसे बुडवून पळालेले व्यापारी नाशिक जिल्ह्याला नवीन नाहीत, त्यामुळं पैसे जरा लांबले तरी बागवाल्याच्या पोटात गोळा येतो, आणि अण्णांनी आपल्या बागवाल्यांना तारीख दिलेली आहे. पेमेंटच्या पहिल्या आठवणीच्या पत्रात ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हिनियन्स लिहायची इंग्रजीत जुनी रीत आहे, ती आहे मला मान्य, दुसऱ्या पत्रापासून सूर चढवत न्यायचा. ताई म्हणते पहिल्यालाच तारीख टाकायची, शेतकऱ्याला दिलीये तर त्यांना पण द्या, आणि कारण पण तेच लिहा. अण्णा म्हणतात कागदपत्राला तारीख ठीक आहे, पैशाला नको, पुढच्या सीझनचा माल पण तिलाच द्यायचाय. मी ताईच्या बाजूची आहे, तसं सांगितलं पण. तो मेल मी निघाले तोपर्यंत ड्राफ्टमध्येच होता, ताईनं तारीख टाकायची आणि अण्णांनी मागून येऊन खोडायची असं चाललं होतं.